चहा आला की कोणाकडे पाहायचं

तायडे सर,

अन्याय झाला तो वैशाली खंडारेवर. केव्हा? गेल्या रविवारी, तुमच्याच शोकसभेत, चहाचे कप गोळा करून झाल्यावर आणि आभारप्रदर्शनाच्या आधी. कुठे? मूर्तिजापूरच्या आपल्या जिनिंगच्या शेडमध्ये, तुमच्या हार घातलेल्या फोटोपासून हातभर अंतरावर. फोटोत तुम्ही हसताय. त्यामुळे समितीला वाटलं असावं की तुमची काही हरकत नाही.

माझी आहे, म्हणून लिहिते आहे.

झालं असं की वाद्यवृंदाचा नवा निर्देशक जाहीर झाला आणि तो वैशाली नाही. तुमच्या जागेवर पुण्याचे एक गृहस्थ येणार आहेत. महिन्यातून एक रविवार जातीने येतील, उरलेले रविवार मोबाइलच्या पडद्यावरून हात हलवतील. मूर्तिजापूरच्या त्या शेडमध्ये फोनला रेंज मिळवायची तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, हे समितीत कोणाला आठवलं नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मंग सगळ्याईनं टाकीवर बसून वाजवा." मला तुमचा आवाज ऐकू आला. मी हसले. शोकसभेत हसल्याबद्दल सचिवांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

तुमच्याबद्दल लिहायचं ते वर्तमानपत्रांनी लिहून टाकलंच आहे. जन्म वलगावचा, नोकरी अमुक, मागे कोण कोण. एका ठिकाणी तर तुम्हाला 'ख्यातनाम सनईवादक' करून टाकलं. तुम्ही उभ्या आयुष्यात सनईला हात लावला नाहीत. पण ते वाचून मला बरं वाटलं, कारण आपली ओळख सनईवरूनच झाली होती.

आठवतं ना? अमरावतीत आमच्या वसतिगृहाची नवी इमारत बांधून तयार होती आणि तिला कुलूप होतं. मुली भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत होत्या. आम्ही मोर्चा घेऊन गेलो, तर आत सभागृहात मंत्र्यांचं स्वागत चाललं होतं आणि स्वागताची धून तुम्ही लोक वाजवत होता. आमच्या घोषणा तुमच्या धुनेत बुडाल्या. मी त्याच संध्याकाळी पत्रक काढलं. मथळा होता 'सत्तेचे सनईवाले'. मी आजही म्हणते, पत्रक बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते हातात घेऊन आमच्या चहाच्या टपरीवर हजर. पांढरा शर्ट, खिशाला पेन, चेहऱ्यावर काहीच नाही. मला वाटलं आता भांडण.

"हे तू लिहलं काय व?"

"हो. का?"

"आमच्यात सनई नाई. क्लॅरिनेट हाय."

"मुद्दा तो नाहीये."

"मुद्दा बराबर हाय, म्हनून त आलो. स्वागताची सुपारी घ्याले नोको होती. पन बाई, तुह्या घोषनेत दम कुठी घ्यायचा, तेच समजत नाई."

आमची घोषणा होती, 'वसतिगृह प्रवेशातील अक्षम्य दिरंगाई तात्काळ थांबलीच पाहिजे'. ती मीच लिहिली होती आणि मला तिचा अभिमान होता. तुम्ही म्हणालात, "एवढं म्हनेपावतर मंत्री घरी जाऊन जेवते." मग टपरीच्या पत्र्याच्या टेबलावर बोटांनी ठेका धरलात आणि म्हणालात, "खोल्या हायेत, कुलूप काढा. म्हन. खोल्या हायेत वर दम घे. कुलूपले जोर दे." आम्ही म्हटलं. टपरीवाल्यानेही म्हटलं. दुसऱ्या दिवशीच्या मोर्च्यात रिक्षावाले म्हणत होते. पुढे कुलूप निघालं. ते माझ्या पत्रकाने निघालं की तुमच्या ठेक्याने, यावर आपलं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. माझं मत बदललेलं नाही. पत्रकाने.

त्याच टपरीवर तुम्ही मला वाद्यवृंदात ओढलंत. मला एकही वाद्य येत नव्हतं. तुम्ही माझ्या हातात झांजा दिल्यात. मोठ्या, पितळी, जड. एका गतीत, म्हणजे अख्ख्या रचनेत, दोनदा वाजवायच्या, बाकी वेळ मोजत बसायचं. मी विचारलं, "एवढंच?" तुम्ही म्हणालात, "तुले बोलल्याबिगर राहवत नाई ना? मंग मोजत बस. तुही पाळी आली का असं बोल का कोनी इसरलं नाई पाहिजे." मोर्च्यात मला कोणी एवढा वेळ गप्प बसवू शकलं नव्हतं. पहिल्या तालमीला मी पाळीच्या आधीच वाजवली. दुसऱ्या तालमीलाही. तिसऱ्यांदा बरोबर जागेवर पडली तेव्हा तुम्ही फक्त मान हलवलीत. कौतुकाच्या बाबतीत तुम्ही महाकंजूस होता, हे मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये या नियमाला न जुमानता सांगते.

ज्यांना आपला वाद्यवृंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं लिहावं लागेल, तुम्ही तेवढ्यात चहा घ्या.

आम्ही निम्मे अमरावतीचे आणि निम्मे अकोल्याचे. नाव 'अमरावती-अकोला' ठेवायचं की 'अकोला-अमरावती' यावर पहिल्याच सभेत खुर्च्या सरकल्या होत्या म्हणे. तालीम अमरावतीत ठेवली की अकोलेकरांच्या घरी नेमके पाहुणे येतात. अकोल्यात ठेवली की अमरावतीकरांचं पोट बिघडतं. म्हणून दर रविवारी दोन्हीकडचे लोक आपापली पेटी, व्हायोलिन, ढोलकी, कर्णे उचलून बसने नाहीतर पॅसेंजरने निघतात आणि मधल्या मूर्तिजापूरला उतरतात. तिथे बंद पडलेल्या जिनिंगची शेड आहे. अजूनही वारा सुटला की कापसाचे बारीक तंतू उडतात आणि बासरीवाल्याला शिंका येतात. मूर्तिजापूरचा एकही माणूस आमच्यात वाजवत नाही. रशीदचाचा तेवढे आहेत, ते चहा करतात. तरी सगळा मुलूख आम्हाला 'मूर्तिजापूरवाले' म्हणूनच ओळखतो. तुम्हाला याचा केवढा आनंद. "बरं झालं," म्हणायचा, "दोघाईचं भांडन, तिसऱ्याचं नाव."

आणि चहाचा नियम. सगळी गोष्ट तिथे आहे.

तालीम रंगात आली की रशीदचाचा शेडच्या दारात येऊन किटलीवर कप आपटायचे. टिंग टिंग. तेवढ्यावर तुम्ही हातातली काडी स्टँडवर ठेवायचा. काडी म्हणजे पऱ्हाटीची, कापसाच्या वाळल्या झाडाची, साल काढून घासलेली, दर हंगामाला नवी. आणि चालू गत तशीच सोडून बाहेर जायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, आमच्यावर चिडून निघून गेले. शेजारच्या बाबारावांनी, ते मोठा पितळी भोंगा वाजवतात, कोपराने ढोसलं. "मोजत राह्य. थांबायचं नसते." तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून बशीत ओतून चहा प्यायचा आणि आत आम्ही तुमच्याशिवाय वाजवायचो. कधी गत पार पडायची, कधी मधेच तंगडीत तंगडी अडकून पडायची. तुम्ही परत येऊन काडी उचलायचा, काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने.

एकदा मी बाहेर येऊन विचारलं, "सर, तुम्हाला इथून नीट ऐकू तरी येतं का?"

"ऐकाले काय लागते. मी पाहून राहिलो."

"काय?"

तुम्ही खिडकीकडे बोट केलंत. गज आहेत, काच नाही. आतली सगळी डोकी दिसत होती. "मी नसलो का तुमी कोनाकडे पाहता, ते इथून दिसते."

मी पाहिलं. अकोल्याचे पाहत होते तिकडेच अमरावतीचे पाहत होते. हा देखावा दोन्ही गावांच्या इतिहासात नोंद करण्यासारखा आहे. सगळे वैशालीकडे पाहत होते.

वैशाली पातूरची. तिचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि ती त्यांच्या मागे फिरत शिकली. आता ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. पाळ्या बदलून घेते, पण रविवार चुकवत नाही. आपल्यात क्लॅरिनेट तिचं. आता विचार करा, तोंड वाद्यात गुंतलेलं, दोन्ही हात वाद्यावर. इशारा करायचा कशाने? ती क्लॅरिनेटचं टोक जरा वर उचलते, की सगळे एकदम उठतात. भुवया खाली आणते, की सगळे हळू होतात. जो चुकतो त्याच्याकडे ती मुद्दाम पाहत नाही. ही शिक्षा मी भोगली आहे. तिच्याकडून पाहिलं न जाण्यापेक्षा तुमचं ओरडणं परवडलं.

आणि शेंदूरजनाघाटचा कार्यक्रम. ते लिहिल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

संत्र्याचा हंगाम, बाजारातच मांडव, समोर बागवाले, दलाल, त्यांची पोरंबाळं. कार्यक्रमाआधी कोणीतरी टोपल्या आणून ठेवल्या आणि आपले लोक तुटून पडले. तुम्ही सांगून थकलात, "वाजवाच्या आंधी खाऊ नोका, ओठ चिकटतीन." ऐकतं कोण. बाबारावांनी तर एक संत्रं नंतरसाठी म्हणून आपल्या भोंग्यात ठेवून दिलं. पहिल्याच गतीला ते आत घसरलं आणि अडकलं. त्यांनी फुंकलं. जो आवाज निघाला त्याला नाव नाही. बाजारामागच्या गोठ्यातल्या म्हशीने त्याला उत्तर दिलं. बाबाराव पुन्हा फुंकतात, म्हैस पुन्हा उत्तर देते. तुमचा काडीचा हात वर गेला होता, तो तसाच थरथरायला लागला. मला वाटलं तुम्हाला काही झालं. तुम्ही हसत होता. डोळ्यांतून पाणी, खांदे हलताहेत, काडी पडली, तुम्ही मांडवाचा खांब धरून उभे. आणि गत चालूच. कारण वैशालीने क्लॅरिनेटचं टोक वर उचललं, बाबारावांचे खालचे सूर स्वतःकडे घेतले, म्हशीच्या हंबरण्याला मधे जागा सोडली आणि आम्हाला धरून शेवटापर्यंत नेलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एका बागवाल्याने येऊन विचारलं, "मास्तर, हे कोनतं गानं होतं?" तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "संत्र्याचं."

आमच्यासाठी ती नेमणूक होती, सर. भर बाजारात. फक्त तुम्ही ती तोंडाने कधी बोलला नाहीत, आणि इथून माझं भांडण सुरू होतं.

तुम्ही दवाखान्यातून घरी आलात त्यानंतरच्या पहिल्या तालमीला आपण दोघं बसने निघालो होतो. तुम्ही खिडकीशी, पिशवीत औषधं आणि नवी पऱ्हाटी. मी म्हटलं, "सर, वैशालीताईचं नाव जाहीर करा. समितीला लिहून द्या."

"काहून?"

"काहून काय? उद्या तुम्ही नसलात तर?"

"उद्या सोमवार हाय. सोमवारी तालीम नसते."

"सर."

"हे पाह्य," तुम्ही म्हणालात, "मी नाव सांगतलं का लोक म्हनतीन, तायड्यानं बसोवली. मंग ती जन्मभर माह्या मेहरबानीची राहीन. तिले माह्या टेकूची काय गरज हाय? लोकाईनं आपल्या डोयानं पाह्यलं पाहिजे."

"लोकांना डोळे आहेत. समितीला नाहीत."

"समितीत बी लोकच असतेत ना."

"तुम्ही कधी समितीत बसला नाहीत, म्हणून असं बोलता."

"अन तू कवा गप बसली नाई, म्हनून तुले असं वाटते."

तेवढ्यात मूर्तिजापूर आलं, तुम्ही पिशवी उचललीत आणि उतरलात. वाद बसमध्येच राहिला. पुढे कुठल्या गावाला गेला कोण जाणे. मी ठरवलं होतं, पुढच्या खेपेला पुन्हा काढायचा. पुढची खेप आलीच नाही.

तर आता काढते. तुमचं चुकलं, सर. तुम्ही डोळ्यांवर विश्वास ठेवलात. ते डोळे वाजवणाऱ्यांचे होते आणि मोहोर उठवणारे हात दुसऱ्यांचे. एक ओळ लिहून दिली असतीत तर आज हे लिहिण्याऐवजी मी तुमच्यावर चारदोन गोड शब्द लिहिले असते. ते मला जमले नसते, ती गोष्ट वेगळी.

पण गेल्या रविवारी जे झालं त्याने माझी एक अडचण करून ठेवली आहे. तुम्ही बरोबरही होता.

सांगते. शोकसभा. फोटो, हार, भाषणं. अध्यक्ष अमरावतीचे, सचिव अकोल्याचे, दोघं इतकी वर्षं सतरंजी कुणाच्या गावाहून आणायची यावरही भांडत आलेले. यावेळी मात्र दोघं शेजारी शेजारी बसून एकमेकांना पाण्याचा पेला पुढे करत होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. अमरावतीचा निर्देशक अकोल्याला चालणार नव्हता, अकोल्याचा अमरावतीला. दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा एकमत केलं, आणि ते केलं पुण्यावर.

पुण्याचे पाहुणे आले होते. पांढरीशुभ्र दाढी, मऊ बोलणं. माणूस खोटा नाही, हे मला लिहावंच लागेल. त्यांच्यासाठी मखमलीच्या डबीत नवी गुळगुळीत काडी आणली होती. सचिवांनी विनंती केली की सरांना आदरांजली म्हणून सरांचीच 'वेचणी' ही गत पाहुण्यांनी घ्यावी. त्यांनी काडी उचलली. आम्ही वाजवायला लागलो. ठीक चाललं होतं. माझ्या पहिल्या पाळीला झांजा जागेवर पडल्या.

आणि रशीदचाचा दारात आले. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. तालीम रंगात आली की किटली, एवढंच त्यांना माहीत. टिंग टिंग.

सर, सगळ्यांची मान वळली. बाबारावांची, बासरीवाल्याची, व्हायोलिनच्या पोरींची, माझी. इतक्या रविवारांची सवय. पाहुण्यांचा हात हवेत होता आणि आम्ही सगळे त्यांना तिथे सोडून वैशालीकडे पाहत होतो. बिचारीलाही कळलं नाही. तिनेही सवयीने क्लॅरिनेटचं टोक वर उचललं. मग तिच्या लक्षात आलं आणि तिचे कान लाल झाले, पण क्लॅरिनेटमध्ये श्वास सोडलेला, थांबणार कशी? थांबायचं नसतं हा तुमचाच नियम. आणि 'वेचणी' उठली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा तशी उठली. भाषणं ऐकून जे कोरडे बसले होते त्यांनी रुमाल काढले, आणि वाजवणारे हसत होते. हसू आणि रडू एका वेळी करायचं तर फुंकीचं वाद्य वाजवू नये, बाबारावांना विचारा.

पाहुण्यांनी काय केलं, ते तुम्हाला आवडेल. त्यांचा हात सावकाश झाला, मग खाली आला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आमच्या डोळ्यांच्या रेघेत वैशालीकडे पाहिलं, मग तुमच्या फोटोकडे. काडी स्टँडवर ठेवली आणि ते बाहेर गेले. रशीदचाचांनी त्यांना तुमच्याच बाकावर बसवलं, तुमच्याच बशीत चहा दिला. खिडकीच्या गजांतून मला ती दाढी दिसत होती. ते पाहत होते.

गत संपल्यावर सगळ्यांना चहा झाला. पाहुणे सचिवांना म्हणाले, मी शेजारीच होते, "अहो, तुमच्याकडे निर्देशक आहेत की. मला कशाला आणलंत एवढ्या लांब?"

सचिवांनी टाळी दिली आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "पाहा, एवढा मोठा मानूस, पन किती नम्र."

मग अध्यक्ष उठले. म्हणाले, आज मधेच जी गडबड झाली ती तुम्ही सर्वांनी पाहिली. शिस्तीचा अभाव. म्हणूनच दोन्ही शहरांपलीकडचा, तटस्थ, मोठ्या नावाचा निर्देशक आपण नेमत आहोत. वैशालीताईंचं योगदान मोलाचं आहे, परंतु बँडमधून आलेल्या कलाकाराला निर्देशनाची पार्श्वभूमी नसते.

ही ओळ मी जशीच्या तशी लिहून ठेवली आहे. लग्नात याच बँडपुढे नाचताना कोणाला पार्श्वभूमी आठवली नाही.

मी उभी राहिले. "साहेब, गडबड कुठे झाली? गत शेवटपर्यंत गेली."

सचिव म्हणाले, "ताई, तुमी झांजवाल्या. बसा खाली."

बाबाराव बसल्या जागेवरून म्हणाले, "झांजवाली हाय म्हनून त सगळ्यात ज्यादा मोजते. तिले बराबर समजते कोन कवा चुकलं."

हशा झाला. अध्यक्षांनी टाळ्या वाजवून ठराव मंजूर करून घेतला. टाळ्या त्यांनी स्वतःच सुरू केल्या. येत्या रविवारी खुल्या तालमीत मखमलीची डबी रीतसर पाहुण्यांच्या हाती देणार आहेत.

पाहुणे निघताना एवढंच म्हणाले, "तुमचं तुम्ही नीट ठरवा आणि मला कळवा." सचिव यालाही नम्रपणाच समजले.

संध्याकाळी मूर्तिजापूर स्टेशनवर मी वैशालीला गाठलं. तिची गाडी अकोल्याकडची, माझी बडनेऱ्याकडची, दोन्ही उशिरा. तिने पिशवीतून चिवडा काढला. मी तावातावाने बोलत होते आणि ती माझ्या हातावर चिवडा वाढत होती.

"जाऊ दे व," ती म्हणाली. "मी वाजवनं कुठी सोडून राहिली."

"मग?"

"मंग काही नाई. पुढच्या रविवारपासून किटली वाजली अन कोनी माह्याकडे पाह्यलं, त मी मान खाली घालीन. त्या पाहुन्या मानसाचा अपमान नोको. त्याचा काय कसूर हाय?"

"आणि आम्ही कोणाकडे पाहायचं?"

ती चिवड्यातले शेंगदाणे वेचून मला देत राहिली. एवढ्या वर्षांत ती चुकणाऱ्याकडे पाहत नाही हे माहीत होतं. आपल्याकडे पाहणाऱ्यांकडेही ती पाहणार नाही, ही कल्पनाच मला सहन झाली नाही. तिने एकदा मान खाली घातली की आपला वाद्यवृंद संपला. अमरावतीचे अमरावतीला, अकोल्याचे अकोल्याला, आणि मूर्तिजापूरला रशीदचाचांची किटली. अध्यक्षांना हे कळणार नाही. ते खिडकीतून कधी पाहत नाहीत, पहिल्या रांगेत आमच्याकडे पाठ करून फोटो काढून घेतात.

तुमच्या घरी, वलगावला, पुण्यानुमोदनाच्या विधीला मी आले होते. काकूंनी मला तुमच्या यंदाच्या पऱ्हाट्या दाखवल्या. तुम्ही वाळत घातलेल्या, साल अर्धी काढलेली. म्हणाल्या, "घेऊन जा, तुले लागतीन त." मला काय लागणार, मी झांजवाली. पण एक घेतली. साल मी काढली. वाकडी निघाली, तुम्ही नावं ठेवली असतीत. तशीच पिशवीत ठेवली आहे, वैशालीसाठी. ती म्हणेल, मला काडी कशाला, माझे हात गुंतलेले असतात. म्हणू दे. स्टँडवर तरी राहील.

आभार मानायचे राहिले, सर. मी तुमच्याकडे भांडायला आले आणि तुम्ही मला श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलंत. लोकांत वाटायचं हे पत्रकसुद्धा मी टेबलावर बोटांनी ठेका धरून वाचून पाहिलं. दोन ठिकाणी लांबलंय. तिथे तुम्ही म्हणाला असता, मंत्री जेवून आला. राहू दे. मेलेल्या माणसाशी बोलताना थोडं लांबतं. आणि वाद पुन्हा काढायचा झाला तर ऐका: तुम्ही म्हणालात लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहावं. ठीक. मग मी लोकांना बोलावते. तुमचंही खरं होऊ दे, माझंही.

सर, तुमच्याशी बोलून झालं. आता हे वाचणाऱ्याशी.

तुम्ही अमरावतीचे असा, अकोल्याचे असा, कुठलेही असा. येत्या रविवारी मूर्तिजापूरला या. स्टेशनवर कोणालाही विचारा, जिनिंगची शेड दाखवतील. तालीम खुली आहे, असं समितीनेच जाहीर केलंय. मागे उभे राहा, खिडकीशी उभे राहा. दारात किटली वाजली की मंचाकडे पाहू नका. वाजवणारे कोणाकडे पाहतात ते पाहा. ती मान खाली घालेल. तेव्हा तिचं नाव घ्या, सगळ्यांनी, मोठ्याने, तिने मान वर करेपर्यंत. वैशाली खंडारे. दम नावाच्या आधी घ्या, मधे तोडू नका, जोर खंडारेवर द्या. मी तोपर्यंत मोजत बसते. झांज मी त्यावर वाजवीन.